‘प्रॅग्मॅटिक’ हा शब्द इतका स्वस्त करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्रात, आणि खरे तर सगळ्याच मराठी वृत्तपत्रांत, ‘प्रॅग्मॅटिक’ हा शब्द हल्ली एकाच कामाला जुंपलेला दिसतो. कोणी पक्ष बदलला, निवडणुकीआधी दिलेला शब्द निकालानंतर गुंडाळून ठेवला किंवा कालपर्यंतच्या वैऱ्याशी सत्तेपुरता घरोबा केला, की त्याची भूमिका ‘प्रॅग्मॅटिक’ ठरते. कधी त्याच अर्थाने ‘व्यवहारवादी’ असेही छापतात. मराठीत संधिसाधू, तडजोडवादी, धोरणी असे नेमके शब्द असताना प्रॅग्मॅटिझम या तत्त्वज्ञानाचे नाव अशा वागण्यावर पांघरूण म्हणून घातले जावे, याचे मनापासून वाईट वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे तत्त्वज्ञान न्यूयॉर्कमध्ये वर्गात बसून शिकले. त्यातली हत्यारे घेऊन त्यांनी जातिव्यवस्थेवरचे आपले सर्वांत धारदार भाषण लिहिले. त्याच विचाराची एक फांदी चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत भिंतीवरच्या तक्त्यांच्या रूपाने आजही टांगलेली आहे. आणि ते सांगते ते आपल्या मथळ्यांतल्या अर्थाच्या जवळजवळ उलट.

मराठीत प्रॅग्मॅटिझमला फलप्रामाण्यवाद म्हणतात. शब्द चांगला आहे, पण त्यातले ‘फल’ वाचणाऱ्याला चकवते आणि ‘फळ पदरात पडले म्हणजे झाले’ असा अर्थ काढला जातो. मूळ मांडणी पाहावी. चार्ल्स सँडर्स पर्स हा अमेरिकेच्या किनारा-सर्वेक्षण खात्यात सुमारे तीस वर्षे नोकरी केलेला, लंबकाने गुरुत्वाकर्षण मोजणारा माणूस. आडनावाचा उच्चार ‘पर्स’ असाच करायचा, मराठीत बरेचदा छापतात तसा ‘पीअर्स’ नव्हे. १८७८ साली एका लोकप्रिय विज्ञान मासिकात त्याने प्रश्न टाकला : एखाद्या कल्पनेचा अर्थ आपल्याला कळला, हे कशावरून म्हणायचे? त्याचे उत्तर असे की, ती कल्पना खरी असेल तर अनुभवात कोणकोणते फरक पडतील ते सांगा. ते सगळे फरक सांगून झाले, की अर्थही सांगून झाला. अमुक वस्तू कठीण आहे, याचा अर्थ इतर बहुतेक वस्तूंनी घासले तरी तिच्यावर ओरखडा उठणार नाही. ‘काठिण्य’ नावाचे याहून वेगळे गूढ काही आत दडलेले नाही.

पुढे त्याने स्वतःच एक अडचण उभी केली. समजा, कापसाच्या मऊ उशीत एक हिरा तयार झाला, तिथेच पडून राहिला आणि कोणाचाही हात लागण्याआधी जळून नाहीसा झाला. ओरखड्याची परीक्षा झालीच नाही. मग तो हिरा कठीण होता का? १८७८ मध्ये पर्स म्हणाला, काहीही म्हणा, हा फक्त शब्दांच्या सोयीचा प्रश्न आहे. १९०५ मध्ये त्याने हे उत्तर चूक ठरवले. हिरा कठीणच होता, कारण घासला असता तर ओरखडा उठला नसता, आणि हे ‘असता तर’ प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीइतकेच खरे आहे. सत्तावीस वर्षांनी स्वतःचेच सर्वांत प्रसिद्ध उदाहरण त्याने असे सुधारून घेतले. या दुरुस्तीचा परिणाम दूरवर जातो. परिणाम म्हणजे आज जे हाताला लागले तेवढेच नव्हे. वेगळ्या परिस्थितीत, वेगळ्या माणसाच्या हाती, वारंवार केल्यास काय झाले असते, तेही परिणामात मोजायचे. ‘आत्ता निभावले ना?’ हा पर्सच्या लेखी पुरावाच नाही.

मग गोंधळ कुठून आला? बराचसा विल्यम जेम्स याच्या शैलीतून. १८९८ साली बर्कलीच्या व्याख्यानात त्याने हा विचार जाहीरपणे पर्सच्या नावे मांडला आणि १९०७ च्या व्याख्यानसंग्रहाने तो जगभर नेला. जेम्स उत्तम वक्ता होता. कल्पनेची ‘रोख किंमत’ काय, असे तो विचारी. सत्य म्हणजे विचारांच्या वाटेवर जे सोयीचे ठरते ते, असेही त्याने म्हटले. टीकाकारांनी वाक्य तिथेच तोडले. जेम्सने लगेच पुढे जोडले होते की हे ‘सोयीचे’ दीर्घ काळात आणि सगळे मिळून पाहता ठरायचे, कारण आज समोर दिसणाऱ्या अनुभवाला जे जुळते ते उद्याच्या अनुभवाला जुळेलच असे नाही. ही पुस्ती गळाली आणि उरला तो ‘सोय पाहा’ हा उपदेश. पर्स इतका वैतागला की १९०५ मध्ये त्याने आपल्या मताला ‘प्रॅग्मॅटिसिझम’ असे आडमुठे नाव दिले. हे नाव इतके कुरूप आहे की पळवून नेणाऱ्यांपासून सुरक्षित राहील, असे त्याने लिहून ठेवले आहे. जुन्या नावाची पळवापळवी मात्र चालूच राहिली.

आपल्याकडच्या न्यायदर्शनाची, म्हणजे तर्क आणि प्रमाणांच्या शास्त्राची, ओळख असलेल्या वाचकाला इथे न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन आठवेल. त्याच्या न्यायभाष्याची सुरुवातच ‘प्रवृत्तिसामर्थ्या’ने, म्हणजे कृती फळाला येण्याने, होते. लांबून पाणी दिसले, जवळ गेलो, तहान भागली, तेव्हा ते ज्ञान प्रमाण होते असे कळले. मृगजळ असते तर प्रवृत्ती फसली असती. पण नैयायिक एक भेद काटेकोर पाळतात. तहान भागणे ही सत्याची कसोटी, सत्याचे स्वरूप नव्हे. ज्ञान खरे असते ते वस्तू तशी आहे म्हणून, आणि आपल्याला ते कळते कृती फळली म्हणून. पर्स या बाजूला जवळचा आहे, जेम्स पुष्कळदा कसोटी आणि स्वरूप एकच करून टाकतो. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव पडला असे मुळीच नाही. पण ‘फलप्रामाण्य’ हा शब्द मराठी कानाला परका का वाटत नाही, त्याचे कारण इथे आहे.

आता या विचाराला कामाची पद्धत बनवणारा तिसरा माणूस, जॉन ड्युई. माणूस नीट विचार करतो तेव्हा नेमके काय करतो, याचे पाच टप्पे त्याने १९१० मध्ये मांडले : काहीतरी खटकणे, ते नेमके कुठे खटकते ते ठरवणे, उपाय किंवा कारण सुचणे, ‘हे खरे असेल तर पुढे काय व्हायला हवे’ ते मनात काढणे, आणि मग प्रत्यक्ष करून पाहून ते ठेवणे किंवा टाकणे. असे ओळीने लिहिले की बी.एड.च्या गाइडसारखे वाटते. त्याने दिलेले उदाहरण मात्र कोणत्याही मोरीवर करून पाहता येते.

साबणाच्या गरम पाण्यात काचेचे पेले धुतले आणि ताटलीवर पालथे घातले. पेल्याच्या काठाशी बाहेरच्या बाजूने बुडबुडे आले आणि थोड्या वेळाने ते आत जाऊ लागले. का? बुडबुडा म्हणजे हवा, म्हणजे पेल्यातली हवा बाहेर पडते आहे. ती ढकलायला आत दुसरे काही शिरत नाही, तेव्हा ती फुगली असली पाहिजे. फुगली म्हणजे तापली. पण गरम पाण्यातून आलेला पेला तर पाण्याबाहेर थंडच होत जाणार, मग तापणार कोणती हवा? इथे अडचण नेमकी सापडते. पाण्यातून ताटलीवर नेताना मध्येच बाहेरची थंड हवा पेल्यात शिरली असेल, तर ती गरम काचेने तापून फुगेल. हे खरे असेल तर दोन गोष्टी व्हायला हव्यात. पेला मुद्दाम हलवून थंड हवा भरून घेतली, तर बुडबुडे यायलाच हवेत. पेला पाण्यातूनच पालथा उचलला आणि थंड हवा शिरू दिली नाही, तर एकही येता कामा नये. करून पाहिले, तसेच झाले. मग बुडबुडे आत का जातात? पेला निवला, हवा आकसली. याचीही परीक्षा आहे : बुडबुडे बाहेर येत असतानाच पेल्याच्या पालथ्या बुडावर बर्फाची वाटी ठेवा, ते लगेच उलटे फिरतात.

या दहा मिनिटांच्या खटपटीत सगळा फलप्रामाण्यवाद आहे. खरे वजन दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्यावर आहे, आणि आपल्याकडे नेमके तेच दोन गाळले जातात. अडचण ‘बुडबुडे का येतात’ अशी ढोबळ ठेवली असती तर ‘साबणामुळे’ या उत्तरावर समाधान झाले असते. आणि पालथ्या उचललेल्या पेल्यांना बुडबुडे येणार नाहीत, हे आधी बोलून दाखवले नसते तर प्रयोग नुसता खेळ ठरला असता. फसू शकेल असे विधान आधी करणे आणि फसले तर ते सोडून देणे, यात सोय कुठे आहे? सोय पाहणारा माणूस नेमके हेच टाळतो.

जानेवारी १८९६ मध्ये ड्युईने शिकागो विद्यापीठात एक शाळा काढली. सुरुवातीला मुले १६ आणि शिक्षक २. तिला लॅबोरेटरी स्कूल म्हणत. प्रयोगशाळा असलेली शाळा, असा त्याचा अर्थ नव्हे. शाळा हीच प्रयोगशाळा. तिथल्या स्वयंपाकाच्या तासाची हकिगत त्याने लिहून ठेवली आहे. अंडे उकडायचे तर पाण्यात टाका, तीन मिनिटांनी सांगितल्यावर काढा. ड्युई म्हणतो, यात शिक्षण काहीच नाही. मग त्या वर्गाने काय केले? पाण्याचे तापमान टप्प्याटप्प्याने पाहिले, पाणी नुसते कढत असताना, सिमसिमत असताना आणि खळखळून उकळत असताना अंड्याच्या पांढऱ्यावर काय परिणाम होतो ते तपासले. मग अंडे उकडले. तीन मिनिटांचा नियम पाळणाऱ्या मुलाचे अंडेही बहुतेक वेळा बरेच होईल. पण अंडे मोठे असले, पाणी कमी असले, महाबळेश्वरसारख्या उंचीवर पाणी जरा कमी तापमानाला उकळत असले, की नियमवाल्या मुलाला काय बदलायचे ते कळणार नाही. पांढरे का घट्ट होते हे पाहिलेल्याला कळेल.

हे अंडे लक्षात ठेवावे, कारण पुढे ते एका अनपेक्षित ठिकाणी भेटते.

बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ पर्यंत तिथे होते. ड्युई तोवर शिकागो सोडून कोलंबियात आला होता. त्याचे वर्ग बाबासाहेबांनी केले. शिक्षण आणि लोकशाहीवरचा ड्युईचा मोठा ग्रंथ १९१६ चा. त्यात समाजाच्या गटांमध्ये अनुभवांची ये-जा पडद्याआडून द्रव झिरपावा तशी होत राहिली पाहिजे, अशा अर्थाचा एक जीवशास्त्रीय शब्द येतो : एंडॉस्मोसिस. १९१९ साली साउथबरो समितीपुढे मताधिकाराविषयी निवेदन देताना बाबासाहेबांनी तोच शब्द भारतातल्या जातींना लावला. ड्युईला शिकागोतले स्थलांतरित आणि जुने रहिवासी यांच्यातले पडदे दिसत होते. बाबासाहेबांना असा पडदा दिसत होता ज्यातून काहीच झिरपत नाही, आणि जो तसा राहावा म्हणून धर्माचा पहारा बसवलेला आहे. परिणाम पाहायचे, तर मताधिकाराची व्यवस्था या पडद्याचे काय करील ते पाहा, हा त्यांचा युक्तिवाद.

१९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि होऊ न शकलेले अध्यक्षीय भाषण, ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’, त्यांनी स्वखर्चाने छापले. त्यात ते ड्युईचे नाव गुरू म्हणून, ऋण मानून घेतात. लोकशाही हा केवळ राज्यकारभाराचा प्रकार नसून एकत्र जगण्याची आणि अनुभव वाटून घेण्याची रीत आहे, हे त्यातले वाक्य आपल्याकडे फलकांवर असते. तेही मुळात ड्युईच्या ग्रंथातले आहे. पण माझ्या मते सर्वांत खोल उसनवारी दुसरीच आहे. धर्माविषयी बोलताना बाबासाहेब ‘नियम’ आणि ‘तत्त्व’ यांत फरक करतात. नियम पाककृतीसारखा असतो, काय करायचे आणि कसे करायचे ते सांगून मोकळा होतो. तत्त्व तसे सांगत नाही. न्यायाचे तत्त्व हाती असले तर प्रत्येक प्रसंगी कोणत्या बाबी विचारात घ्यायच्या ते कळते, निर्णय मात्र स्वतःलाच करावा लागतो. म्हणून तत्त्वावर चालणारा चुकला तरी ती त्याची जाणती, जबाबदार कृती असते. नियमावर चालणाऱ्याची कृती बरोबर आली तरी यांत्रिकच राहते. हिंदू ज्याला धर्म म्हणतात तो आज्ञा आणि निषेधांचा ढीग आहे, म्हणजे नियम, आणि म्हणून तो माणसाची जबाबदारीच मारून टाकतो, हा त्यांचा आरोप या भेदावर उभा आहे.

पाककृतीचा दाखला ड्युईच्या नीतिशास्त्रातून आला आहे, आणि त्याच्या शाळेतल्या तीन मिनिटांच्या अंड्यामागेही हीच दृष्टी होती. शिकागोच्या स्वयंपाकवर्गात जो प्रश्न मुलांचा होता, तो बाबासाहेबांनी स्मृतिग्रंथांपुढे ठेवला : हा नियम कशासाठी, त्याने काय होते, आणि जे होते ते आज आपल्याला हवे आहे का? यात ते ड्युईचे अनुयायी राहिले नाहीत, पुढे गेले. भूतकाळाच्या वारशातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे समाजाने निवडावे, असे ड्युई शाळेच्या संदर्भात म्हणाला होता. बाबासाहेबांनी तीच चाळणी शास्त्रांच्या प्रामाण्यालाच लावली. जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली, तेव्हा ते न्यूयॉर्कला निघाले होते आणि वाटेतच ड्युईच्या निधनाची बातमी आली. आपले सारे बौद्धिक आयुष्य या माणसाचे ऋणी आहे, असे त्यांनी पत्नी माईसाहेबांना पत्रात कळवले. ज्या महाराष्ट्राने हे पत्र वाचले आहे, त्याने ‘प्रॅग्मॅटिक’ म्हणजे शब्द फिरवणारा असे म्हणावे, हे मला पटत नाही.

कारखान्याकडे येण्याआधी एक प्रयोग. १८८४-८५ च्या सुमारास पर्स आणि त्याचा विद्यार्थी जोसेफ जास्ट्रो यांनी वजनातला फार बारीक फरक माणसाला जाणवतो का, हे तपासले. किलोभर वजनाच्या दाबात थोडी भर घालायची किंवा काढायची. आधी भर की आधी घट, हे पत्त्यांचा जोड पिसून ठरवायचे, म्हणजे प्रयोग करणाऱ्याच्या मनातला क्रम नकळत आत शिरायला नको. उत्तर देणाऱ्याने आपली खात्री शून्य ते तीन या आकड्यांत सांगायची. शून्य म्हणजे निव्वळ अंदाज. शून्य खात्रीची उत्तरेही पाचांपैकी सुमारे तीन वेळा बरोबर निघाली, नुसत्या नशिबाने अडीच निघायला हवी होती. आज औषधांच्या चाचणीत रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी करतात, ती रीत रूढ होण्याच्या कितीतरी आधीचा हा प्रयोग. आपल्या स्वतःच्या खात्रीवरही विसंबायचे नाही, तीही मोजायची, इथपर्यंत ही शिस्त जाते.

आता कारखाना. बेल टेलिफोन समूहातल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्टने मे १९२४ मध्ये नियंत्रण-आलेखाची, म्हणजे मालातली चढउतार नेहमीची की खास कारणाची हे दाखवणाऱ्या आलेखाची, पहिली आकृती एका पानाच्या टिपणात काढली. क्लॅरेन्स अर्व्हिंग लुइस या फलप्रामाण्यवादी तत्त्वज्ञाच्या १९२९ च्या ग्रंथाचा त्याच्यावर मोठा परिणाम झाला. १९३९ मध्ये त्याने उघड लिहिले की मालाचा तपशील ठरवणे, माल बनवणे आणि तपासणे या तीन पायऱ्या म्हणजे गृहीतक, प्रयोग आणि गृहीतकाची परीक्षा आहेत. एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने हा विचार १९५० साली जपानमध्ये शिकवला, जपानी अभियंत्यांनी त्याला ‘प्लॅन-डू-चेक-ॲक्ट’ असे रूप दिले, आणि पीडीसीए या नावाने तो आपल्या शॉपफ्लोअरवर आला. पुणे-नाशिक-संभाजीनगर पट्ट्यातल्या कोणत्याही बऱ्या वेंडरच्या भिंतीवर चार चतकोरांचे ते वर्तुळ दिसते. ते एका तत्त्वज्ञानाचे चित्र आहे, हे तिथे सहसा कोणी सांगत नाही.

आणि तिथेही ते बिघडते नेमके त्याच जागी. ‘प्लॅन’च्या रकान्यात काय करायचे ते लिहिलेले असते, त्याने काय होईल ते नसते. रिजेक्शन शंभरात चार आहे, टूल बदलल्यावर तीन आठवड्यांत दोनवर यावे, न आल्यास आमची कारणमीमांसा चुकली, असे वाक्य आधी लिहिलेले नसेल तर ‘चेक’मध्ये तपासायचे काय? मग तिथे बरोबरची खूण होते आणि कागद ऑडिटरसाठी फाइलला लागतो. डेमिंगला हे दिसत होते, म्हणून ‘चेक’ऐवजी ‘स्टडी’ म्हणा असा त्याचा आग्रह होता.

दुसरा बिघाड याहून फसवा आहे, कारण तो प्रामाणिक माणूस करतो. लेथवर २५ मि.मी. व्यासाचे जॉब, म्हणजे घडवलेले भाग, निघत आहेत, मशीन स्थिर आहे, थोडेफार कमी-जास्त होणे ही तिची नैसर्गिक चढउतार आहे. ऑपरेटर प्रत्येक जॉब मोजतो आणि जेवढा फरक दिसला तेवढा ऑफसेट, म्हणजे हत्याराची नेमून दिलेली जागा, उलट्या दिशेने फिरवतो. मेहनती वाटतो ना? प्रत्यक्षात व्यासांचे प्रचरण, संख्याशास्त्रात ज्याला व्हेरिअन्स म्हणतात ते, दुप्पट होते आणि जॉबांचा फैलाव सुमारे १.४ पट. कारण आधीच्या जॉबची आकस्मिक चूक तो पुढच्या जॉबच्या माथी मारतो आणि पुढच्याची स्वतःची चूक वेगळी पडतेच. म्हणून शूहार्टच्या आलेखावर सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन प्रमाण विचलनांवर (प्रमाण विचलन म्हणजे फैलावाचे माप) रेषा असतात. बिंदू आत, आणि ओळीने एकाच बाजूला सरकलेलेही नाहीत, तर हात लावायचा नाही. रेषा ओलांडली तर मात्र खास कारण शोधायचे. ताज्या फळाकडे पाहून दर वेळी दिशा बदलणे म्हणजे प्रॅग्मॅटिक असणे, हा समज इथे आकड्यांनी खोटा पडतो. सरकारी योजना दर अधिवेशनात फिरवणाऱ्यांनाही हे गणित लागू आहे.

शेवटी शाळा, कारण सध्या सर्वांत जास्त नुकसान तिथे होत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अनुभवातून शिकण्यावर भर आहे, तो ड्युईच्याच वळणाचा. पण ‘प्रकल्प’ म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचा तक्ता आणणे, आईने रात्री कार्डबोर्ड कापणे आणि सकाळी वहीवर सही, असा नियम होऊन बसला आहे. पुन्हा तीन मिनिटांचे अंडे. हाताने काही केले म्हणजे अनुभव झाला, असे ड्युई कधीही म्हणाला नाही. १९३८ मध्ये त्याने आपल्याच नावाने चालणाऱ्या सैल शाळांना याबद्दल खडसावले होते.

त्याच्या शाळेतला कापसाचा पाठ इथे नेमका उपयोगी आहे. मुलांना बोंडे दिली आणि हाताने सरकी वेगळी करायला सांगितले. एका गटाकडून अर्धा तास खपून एक औंस, म्हणजे २८ ग्रॅमही रुई निघाली नाही. अर्ध्या तासाला एक औंस धरला तरी आठ तासांत सोळा औंस, म्हणजे दिवसभरात जेमतेम एक पौंड. आपले पूर्वज सुती सोडून लोकरी कपडे का घालत, हे त्या मुलांना स्वतःच्या बोटांवरून कळले.

हाच पाठ विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात जसाच्या तसा उचलला तर मात्र फसेल, आणि तो कसा फसतो हेच शिकण्यासारखे आहे. आपले पूर्वज सुतीच घालत होते. मग मोजलेले उत्तर आणि माहीत असलेली गोष्ट जुळत नाही, आणि इथे खरा खटका बसतो : एवढ्या वेळखाऊ कामातून घरादाराला कपडे पुरत कसे? इथून मुले दोन लाटांमधून रुई ओढून सरकी मागे ठेवणाऱ्या हातचरखीपाशी पोचतात. १९३७ मध्ये वर्ध्यात मांडलेल्या नई तालीममध्येही कापूस आणि सूत मध्यभागी होते, पण तिथे भर उत्पादनावर आणि स्वावलंबनावर होता. इथे तो प्रश्नावर ठेवायचा.

करायचे कसे? चार मुलांच्या गटाला सरकीसकट १०० ग्रॅम कापूस द्यावा. त्यात साधारण एक तृतीयांश रुई आणि बाकी सरकी असते, त्यामुळे अर्ध्या तासात तो संपून प्रयोग बाद होण्याची भीती सहसा नाही. काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल हवा. भाजीच्या तराजूवर ५० ग्रॅमचे सर्वांत लहान वजन असते, त्यावर सगळ्या गटांचे उत्तर सारखेच येईल. सुरुवात करण्याआधी प्रत्येक मुलाने किती ग्रॅम रुई निघेल तो आकडा वहीत शाईने लिहावा. पेन्सिलने लिहिला तर नंतर खोडला जातो. अर्ध्या तासाने रुई आणि सरकी दोन्ही वेगवेगळी तोलावीत. दोन्हींची आणि उरलेल्या कापसाची बेरीज १०० च्या आसपास येत नसेल तर काहीतरी सांडले आहे किंवा कापूस दमट होता आणि पंख्याखाली सुकला. मग पुन्हा अर्धा तास करावा. दुसऱ्या वेळी आकडा बहुधा घटतो, बोटे दुखतात, आणि सोळाने गुणून दिवसाचा हिशेब काढणे किती फसवे आहे ते आपोआप ध्यानात येते. घरचा एक सुती सदरा त्याच काट्यावर ठेवून तेवढ्या रुईला किती दिवस लागतील ते काढावे. शिक्षकांनी एकच पथ्य पाळायचे : चरखीचे नाव आपण होऊन घ्यायचे नाही.

आपल्याला दोन विनंत्या. कोणाच्या निर्णयाला ‘प्रॅग्मॅटिक’ म्हणण्याआधी वार्ताहराने त्या माणसाला विचारावे की यातून काय घडेल अशी तुमची अपेक्षा आहे, कधीपर्यंत, आणि काय घडले तर आपण चुकलो असे तुम्ही मानाल. उत्तर मिळाले तर ते तारखेसह छापावे. मिळाले नाही तर दुसरा शब्द वापरावा. आणि वेचणी दिवाळीच्या आगेमागे जोरात असते, तेव्हा गावोगावच्या शाळांना बोंडे फुकट मिळतात. आपल्या शिक्षणविषयक पानावरून या प्रयोगाचे आवाहन करावे आणि जे वर्ग तो करतील त्यांचे दोन्ही रकाने, आधी लिहिलेले ग्रॅम आणि नंतर तोललेले ग्रॅम, शेजारी शेजारी छापावेत.

आपला विश्वासू,
तत्त्वज्ञानाचा एक अध्यापक, यवतमाळ